संपर्क वाढला, संभाषा वाढावी

आयुर्वेद व्यावसायिकांमध्ये परस्परसंपर्काची साधने आज विपुल झाली आहेत, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून परिसंवाद भरतात, औषधनिर्माते स्नेहमेळावे घेतात, फेसबुक व व्हॉट्सअ‍ॅपवर वैद्यांचे समूह चालतात. तालुक्याच्या गावी एकट्याने चिकित्सा करणाऱ्या वैद्याला पूर्वी एखादी शंका गुरुजनांना पत्राने कळवून उत्तराची प्रतीक्षा करावी लागे. आज तीच शंका क्षणार्धात शेकडो वैद्यांपुढे मांडता येते. तथापि ओळखी वाढल्या म्हणजे व्यवसायसंबंध दृढ झाले, असे मात्र म्हणता येत नाही. या संपर्कातून रुग्णाच्या पदरात काय पडते, याच कसोटीवर त्याचे मूल्य ठरविले पाहिजे.

संघटनाची ही कल्पना आपणांस नवी नाही. वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, तेव्हा दूरध्वनीही सामान्य वैद्याच्या आवाक्यात नव्हता. त्याही मागे जावे, तर चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा विस्ताराने विचार केला आहे. समव्यवसायी वैद्यांच्या चर्चेने ज्ञान वाढते, अधीत विषयातील संदेह फिटतो आणि पूर्वी न ऐकलेले ऐकावयास मिळते, हे त्यांनी सांगितले. संधायसंभाषा व विगृह्यसंभाषा असे तिचे दोन प्रकार करून, पहिलीत निःशंकपणे विचारावे, विचारल्यास स्पष्टपणे सांगावे आणि समोरच्याला निरुत्तर केल्याचा आनंद मानू नये, असे पथ्यही घालून दिले. आजच्या समूहांना याहून अधिक उपयुक्त नियमावली क्वचितच मिळेल.

प्रत्यक्षात काय घडते? ‘संधिवाताचा रुग्ण आहे, काय द्यावे?’ एवढाच प्रश्न समूहावर येतो. वय, प्रकृती, अग्नी, कोष्ठ, व्याधीची अवस्था, चालू असलेली अन्य औषधे, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. पाच मिनिटांत दहा उत्पादनांची नावे उत्तरादाखल येतात. आमवात की संधिगत वात, हा साधा प्रश्नदेखील कोणी विचारीत नाही. आठ दिवसांनी त्या रुग्णाचे काय झाले हेही कोणास कळत नाही. यशाची छायाचित्रे मात्र भरपूर दिसतात. अपयशाची एक नोंद दहा यशोगाथांइतके शिकविते, परंतु ती मांडण्यास मन धजत नाही, कारण त्याच समूहात औषधविक्रेते, प्रतिस्पर्धी आणि कधीकधी रुग्णही असतात.

वैद्य आणि औषधनिर्माते यांच्या संबंधांबाबतही असेच म्हणावे लागते. रास्नेचेच उदाहरण घ्या. उत्तर भारतात रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलेटा ही वनस्पती घेतली जाते, तर दक्षिणेत आल्पिनिया गलंगा, म्हणजे कुलिंजन वापरले जाते. तेव्हा महारास्नादी काढ्याच्या दोन बाटल्यांवरील नाव एकच असले, तरी आतील मुख्य द्रव्य भिन्न असू शकते. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळली जाते, हेही आपणांस ठाऊक आहे. अशा वेळी औषधनिर्मात्यास थेट विचारता येईल आणि तोही मोकळेपणाने सांगेल, असा संबंध किती वैद्यांपाशी आहे? मेळाव्यातील भोजन व भेटवस्तू यांपेक्षा हे एक उत्तर अधिक मोलाचे आहे. उत्पादनाच्या प्रत्येक घाणीची, म्हणजे बॅचची, नोंद ठेवणे निर्मात्यावर परिशिष्ट ‘टी’ नुसार बंधनकारकच आहे. माहिती उपलब्ध असते. मागणारा आणि देणारा यांच्यातील विश्वास तेवढा हवा.

हा विश्वास नसला की काय ओढवते, हे गुळवेलीच्या प्रकरणाने दाखवून दिले. कोविडच्या काळात गुळवेलीचे सेवन घरोघरी सुरू झाले. २०२१ साली मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध तिच्याशी जोडणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला आणि रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, टिनोस्पोरा वंशातील सदृश जातीशी गल्लत झालेली असू शकते, हा मुद्दा मांडला. त्या काळात आपल्या समूहांवर निषेधाचे संदेश वाहत होते. ‘मी इतक्या रुग्णांना, अमुक बॅचचे, इतक्या मात्रेत, इतके दिवस दिले आणि यकृताच्या तपासण्या अशा आल्या’ अशा नोंदी मांडणारे वैद्य मात्र फारसे दिसले नाहीत. आपल्या शास्त्राचा बचाव अशा नोंदींनीच होऊ शकला असता.

दोन अपप्रवृत्तींचा उल्लेख अटळ आहे. पहिली ‘कट’ची. पंचकर्मासाठी अथवा क्षारसूत्रासाठी रुग्ण पाठवावयाचा तो त्या वैद्याच्या कौशल्याकडे पाहून. टक्केवारीकडे पाहून पाठविला, तर त्या संबंधास मैत्री म्हणता येणार नाही. दुसरी रुग्णाच्या गोपनीयतेची उपेक्षा. त्वचाविकाराच्या छायाचित्रात चेहरा, तपासणीच्या कागदावर नाव व दूरध्वनी क्रमांक, हे सारे संमतीवाचून शेकडो अपरिचितांपुढे जाते. ज्याने विश्वासाने आपले शरीर दाखविले, त्याचा हा विश्वासभंग आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. एक, समूहावर प्रश्न मांडताना किमान दशविध परीक्षेतील आवश्यक मुद्दे आणि रुग्णाची अवस्था द्यावी, ओळख पटविणारा तपशील वगळावा आणि महिन्याभरात परिणाम कळवावा, मग तो यशाचा असो वा अपयशाचा. दोन, ज्याच्याकडे रुग्ण पाठविला त्याने केलेल्या उपक्रमांची चार ओळींची चिठ्ठी मूळ वैद्यास पाठवावी आणि रुग्णही त्याच्याकडे परत पाठवावा. रुग्ण परत येत नाही या भीतीनेच पुष्कळ वैद्य त्यास पुढे पाठविण्याचे टाळतात. तीन, औषधनिर्मात्यांनी आपल्या मेळाव्यात अर्धा तास तरी कच्च्या द्रव्यांची ओळख व उगम यांवरील प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा. चार, औषधाचा अनिष्ट परिणाम संभवला, तर बॅच क्रमांकासह तो निर्मात्यास आणि आयुष औषधदक्षता कार्यक्रमाच्या केंद्रास कळवावा. नवी दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान हे या कार्यक्रमाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. अशी नोंद पाठविणे म्हणजे शास्त्राशी द्रोह, हा गैरसमज आपण आधी आपल्या मनातून काढला पाहिजे.

आपल्या भ्रमणध्वनीत हजार वैद्यांचे क्रमांक असतील. त्यांपैकी ज्याला रात्री अकरा वाजता ‘माझा रुग्ण बिघडला आहे, तुम्ही असता तर काय केले असते?’ असे निःसंकोच विचारता येईल आणि जो उत्पादनाचे नाव सांगण्यापूर्वी नाडी व जिव्हेविषयी विचारील, असे चार जण जरी असले, तरी तो वैद्य संपर्कसंपन्न समजावा. पुढील संमेलनास जाताना असा एक तरी समव्यवसायी जोडून येण्याचा संकल्प प्रत्येकाने करावा, एवढीच नम्र विनंती.