चालू-बंदची एकच कळ

गेल्या महिन्यांत एका रविवारीं बाळकुम येथें आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. बाळकुम हें ठाण्याच्या खाडीलगतचें जुनें गांव. कापूरबावडीवरून भिवंडीकडे जाणारा रस्ता याच गांवावरून कशेळीच्या पुलाकडे जातो. एके काळचीं शेतें आणि मागाहून आलेले कारखाने यांच्या जागीं आतां उंच उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतील एकींत आमचे हे स्नेही नौपाड्यांतील जुनी जागा सोडून राहावयास गेले आहेत. ऐंशी ओलांडलेल्या आजी, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडें असा भरला परिवार आहे.

बोलतां बोलतां स्नेही म्हणाले, "आईचें मन आतां टीव्हींतून उडालें. दुपारचें कीर्तन ती पूर्वीं कधीं चुकवीत नसे. आतां म्हणते, डोळे दुखतात. वयोमानानें विरक्ति यायचीच." आजी शेजारच्या खुर्चीवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्या कांहींच बोलल्या नाहींत. थोरल्या सूनबाई मात्र चहाचे पेले ठेवतां ठेवतां म्हणाल्या, "विरक्ति नव्हे हो. आईंना त्या रिमोटची भीति बसली आहे. परवां मी दुपारीं लवकर घरीं आलें, तों आई काळ्या पडद्यासमोर बसलेल्या आणि रिमोट पदराखालीं. मला म्हणाल्या, 'माझ्या हातून पुन्हां बिघडलें वाटतें. मुलांना सांगूं नकोस.'"

हें ऐकून स्नेह्यांचा चेहरा उतरला, आणि आम्हांसही आपला चहा गोड लागेना. घरांतील वडील माणूस एखाद्या वस्तूस भिऊन आपली आवड सोडून देतें, वर आवडच उरली नाहीं असें सांगून आपली लाज झांकतें, आणि आपण त्यास विरक्ति असें भारदस्त नांव देतों! आजींच्या हातून खरोखर कांहीं बिघडत होतें काय, याची चौकशी करणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

दिवाणखान्यांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि भोंवतालीं ध्वनि पसरविणाऱ्या स्पीकरांचा ॲम्प्लिफायर अशीं तीन यंत्रें होतीं. तिघांचे तीन रिमोट सांभाळण्याचा त्रास नको म्हणून थोरल्या नातवानें एक युनिव्हर्सल रिमोट आणून त्याची एक कळ अशी बांधून दिली होती कीं, ती दाबतांच तिन्ही यंत्रांना चालू-बंदची आज्ञा एकामागून एक जावी. अशा आज्ञांच्या माळेस मॅक्रो म्हणतात. नातवाच्या समोर ती माळ बिनचूक चाले; आजी एकट्या असल्या कीं ती फसे. यावरून घरानें निष्कर्ष काढला तो असा कीं, आजींना जमत नाहीं.

वस्तुतः दोष होता तो आज्ञेच्या अर्थांत. बहुतेक रिमोटांवर चालू करण्यास आणि बंद करण्यास कळ एकच असते. तिचा अर्थ "चालू हो" असा नाहीं आणि "बंद हो" असाही नाहीं. तिचा अर्थ "आहेस त्याच्या उलट हो" एवढाच. घरांतील मुलास आपण "दिवा लाव" असें सांगितलें, तर दिवा आधींच लागलेला असल्यास तो हात लावणार नाहीं. परंतु "दिव्याचें बटण दाब" असें सांगितलें, तर आज्ञाधारक मूल लागलेला दिवाही मालवून येईल, आणि त्यास बोल लावतां येणार नाहीं. डोळ्यांसमोर एकच यंत्र असेल तर ही उलटापालट चालून जाते, कारण चालू आहे कीं बंद हें आपण पाहतों आणि मग कळ दाबतों. रिमोटला मात्र डोळे नाहींत. तो बोलतो, ऐकत नाहीं.

आतां आजींच्या दुपारचा विचार करा. सकाळीं नातवानें गाणीं ऐकण्यासाठीं नुसता ॲम्प्लिफायर लावला आणि तसाच ठेवून तो कॉलेजांत गेला. दुपारीं आजींनीं कळ दाबली. टीव्ही व बॉक्स चालू झाले, ॲम्प्लिफायर बंद झाला. चित्र आलें, आवाज नाहीं. आजींनीं पुन्हां कळ दाबली. आतां ॲम्प्लिफायर चालू, टीव्ही व बॉक्स बंद. तिसऱ्यांदां दाबली, तों पहिलीच गत. वाचकांनीं येथें क्षणभर थांबून पाहावें: ही कळ दहादां दाबा कीं शंभरदां दाबा, तीन यंत्रांची फारकत कधींच मिटणार नाहीं, कारण प्रत्येक दाबण्यानें तिघेंही एकदमच उलटतात. अशा स्थितींत आजींच्या जागीं एखादा पदवीधर इंजिनिअर बसविला असता, तरी त्या एका कळीनें त्याचें कांहीं चाललें नसतें.

वीज जाऊन आली म्हणजेही हेंच होतें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबई व ठाणें परिसरांत मोठ्या भागाची वीज एकाएकीं गेली होती, तें पुष्कळांस स्मरत असेल. वीज परततांच एखादें यंत्र आपोआप जागें होतें, दुसरें निजूनच राहतें, तिसरें पूर्वीं ज्या स्थितींत होतें तींत जातें. ज्याची त्याची खोड निराळी. आणि एकदां फारकत पडली कीं ती कळ ती तशीच राखते.

ही एक-कळीची चाल कोठून आली असावी, हें पाहणें मनोरंजक आहे. अमेरिकेंत झेनिथ कंपनीनें १९५० सालीं 'लेझी बोन्स' नांवाचा तारेनें जोडलेला रिमोट काढला. १९५५ सालीं यूजीन पॉली यांनीं प्रकाशाच्या झोतानें चालणारा रिमोट केला; पण उन्हाची तिरीप संचावर पडली कीं तोही फसे. १९५६ सालीं रॉबर्ट ॲडलर यांनीं ॲल्युमिनियमच्या लहान दांड्यांवर हातोडी आपटून, माणसास ऐकूं न येणारा नाद काढण्याची युक्ति साधली. तेथें प्रत्येक आज्ञेस एक स्वतंत्र दांडी लागे. मग चालू आणि बंद यांसाठीं दोन दांड्या कोण खर्च करणार? पुढें दांड्या गेल्या, अवरक्त किरण आले, आज्ञांची कांहींच टंचाई उरली नाहीं. तरी एका कळीची काटकसर तेवढी राहिली.

आजचा रिमोट सुमारें ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य प्रकाश सेकंदास अदमासें ३८,००० वेळां लुकलुकवितो, आणि त्या लुकलुकीच्या लांब-आंखूड तुकड्यांनीं यंत्राचा पत्ता व आज्ञेचा क्रमांक कळवितो. एका बहुप्रचलित पद्धतींत आरंभीं ९ मिलिसेकंदांची लांब हाक असते, आणि मग पत्ता व आज्ञा एकदां सरळ, एकदां उलट अशा पाठविल्या जातात, म्हणजे ऐकण्यांत चूक होऊं नये. सांगावयाचें एवढेंच कीं, आज्ञा म्हणजे निव्वळ एक क्रमांक होय. आणि यंत्रास जेवढे क्रमांक समजतात, तेवढ्या कळा त्याच्या रिमोटवर असतातच असें नाहीं. सोनीच्या टीव्हींच्या संकेतांत २१ हा क्रमांक उलटापालटीचा आहे. परंतु ४६ म्हणजे केवळ चालू आणि ४७ म्हणजे केवळ बंद, असेही दोन क्रमांक आहेत. ते त्यांच्या नेहमींच्या रिमोटवर सहसा आढळत नाहींत. घरांत दागिना आहे, पण तो कोणत्या डब्यांत आहे हें कोणास ठाऊक नाहीं, तशांतला हा प्रकार.

म्हणून युनिव्हर्सल रिमोट बांधतांना पहिला नियम हा कीं, माळेंत उलटापालटीची आज्ञा घालूं नये. चालूची आणि बंदची स्वतंत्र आज्ञा शोधून घालावी. जुन्या रिमोटसमोर धरून नव्यास आज्ञा शिकवितां येतात, हें खरें. परंतु जी कळ जुन्यावर नाहीं ती शिकवितां येत नाहीं. तेव्हां नव्या रिमोटच्या संग्रहांत 'पॉवर ऑन' व 'पॉवर ऑफ' अशीं निराळीं नांवें आहेत काय, तें पाहावें.

तीं न मिळाल्यास दुसरी युक्ति. पुष्कळ टीव्ही निजलेले असतां अंकाची कळ दाबली तर जागे होतात. पुष्कळ ॲम्प्लिफायर 'इनपुट' निवडण्याच्या कळीनें जागे होतात. आणि आधींच जागे असतील तर त्यांचें चालूपण बिघडत नाहीं. हीच चालूची निश्चित आज्ञा समजावी. बंद करण्यासाठीं आधीं हीच कळ पाठवावी, चार-सहा सेकंद थांबावें आणि मग उलटापालटीची पाठवावी. यंत्र चालू आहे अशी खात्री आपणच करून घेतली, म्हणजे उलटापालटीचा अर्थ बंद हा एकच उरतो. मधला थांबा मात्र विसरूं नये. जागें होत असतां टीव्ही कांहीं सेकंद बहिराच असतो.

सेट-टॉप बॉक्सांत बहुधा अशी सोय सांपडत नाहीं. तेथें बॉक्स माळेंतून वगळून चालू ठेवणें बरें. कित्येक बॉक्स निजल्यावरही जवळजवळ तितकीच वीज घेतात, म्हणून तोटा थोडा; फक्त त्यास वारा लागेल असें ठेवावें, आणि रात्रीं हवें तर भिंतीवरील बटण बंद करावें. मात्र सकाळीं बटण लावल्यावर बॉक्स स्वतः जागा होतो कीं नाहीं, हें आधीं पाहून ठेवावें.

एचडीएमआयच्या तारेनें जोडलेल्या यंत्रांत आणखी एक मार्ग आहे. त्या तारेंतच सीईसी नांवाची एक वाट असून तींतून यंत्रें एकमेकांशीं बोलतात. येथें चालू, बंद आणि उलटापालट अशा तीन वेगळ्या आज्ञा नेमून दिलेल्या आहेत, इतकेंच नव्हे तर "तूं जागा आहेस काय?" असें विचारतांही येतें. सॅमसंग या सोयीस 'एनीनेट', एलजी 'सिंपलिंक' आणि सोनी 'ब्राव्हिया सिंक' म्हणते. निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें मात्र या भाषेंत नेहमींच एकदिलानें बोलत नाहींत. तेव्हां करून पाहावें आणि मगच विसंबावें.

प्रत्येक यंत्राची स्थिति स्वतः लक्षांत ठेवणारे 'हार्मनी' रिमोटही एके काळीं मिळत. लॉजिटेक कंपनीनें २०२१ सालीं त्यांचें उत्पादन थांबविलें. त्यांतही एक उणीव होतीच: कोणी टीव्हीवरचेंच बटण दाबलें कीं रिमोटची आठवण खोटी ठरे. आठवणीवर विसंबण्यापेक्षां आज्ञाच निःसंदिग्ध असणें केव्हांही श्रेयस्कर. आणि कंपन्या येतात-जातात म्हणून, कोणत्या कळींत काय बांधलें आहे तें घरच्या वहींत लिहून ठेवावें, ही आमची आग्रहाची सूचना.

त्या रविवारीं नातवानें आणि आम्हीं मिळून दोन तास हा खटाटोप केला. आतां रिमोटवर एकीऐवजीं दोन कळा आहेत. एकीस सूनबाईंनीं तांबड्या लोकरीचा ठिपका चिकटविला, ती चालूची. दुसरी साधी, ती बंदची. कळ चुकून दोनदां दाबली गेली तरी बिघडत नाहीं, हें आजींना मुद्दाम दाखविलें. त्यांनीं तांबडी कळ चार वेळां दाबून पाहिली. चारही वेळां टीव्ही चालूच राहिला. मग नातवाकडे वळून त्या म्हणाल्या, "म्हणजे मागें बिघडत होतें तें माझ्या हातून नव्हे ना रे?"

"नाहीं ग आजी," तो म्हणाला, "मीच चुकीचें बांधलें होतें."

आम्हांस वाटतें, त्या घरांतील खरी दुरुस्ती या उत्तरानें झाली. वाचकांच्या घरींही एखाद्या वडील माणसानें अलीकडे "मला आतां नको" म्हणून कांहीं सोडलें असेल, तर त्यास वैराग्याचें श्रेय देण्यापूर्वीं एकदां शेजारीं बसून कळ कोणती आहे तें पाहावें. बाळकुमास दुपारीं आतां कीर्तन पुन्हां सुरू झालें आहे, आणि आजींचे डोळे, सूनबाई कळवितात, मुळींच दुखत नाहींत.