फुकटच्या जहाजाचं भाडं कोण भरतं?

‘कार्डावरचे पॉइंट साठवा आणि क्रूझवर जा’ हा मंत्र आता महिला मंडळांच्या दारापर्यंत येऊन पोचला आहे. आठ मार्च जवळ आला की बँकांचे प्रतिनिधी ‘आर्थिक साक्षरता शिबिर’ घ्यायला येतात. फलकावर शब्द आपल्याच चळवळीतले असतात: सक्षमीकरण, स्वावलंबन, निर्णयाचा हक्क. दोन तासांनी बायांच्या हातात उरतो तो क्रेडिट कार्डाचा अर्ज. अशा तीन शिबिरांना मी मागच्या रांगेत बसले. तिन्ही ठिकाणी शेवटचं चित्र एकच होतं. निळं पाणी, पांढरं जहाज, कठड्याला टेकलेली गॉगलवाली हसरी बाई, आणि खाली ओळ: तुमच्याच घरखर्चातून, जवळजवळ फुकट!

माझं भांडण या चित्राशी आहे, त्यातल्या बाईशी नाही. बायांनी मजा केली की चळवळीतल्याही काहींच्या कपाळाला आठ्या पडतात; मी त्यांतली नव्हे. जिने तीस वर्षं दुसऱ्यांची ताटं वाढली, तिने चार दिवस आयत्या ताटावर बसावं, डेकवर वारा खावा, मुंबईहून गोव्याला बोटीने जावं. आपल्या आज्या कोकणबोटीने भाऊच्या धक्क्यावरून जायच्याच की, गाठोडी आणि कोंबड्या घेऊन. प्रश्न समुद्राचा नाही. प्रश्न ‘फुकट’ या शब्दाचा आहे.

आधी साधा हिशेब. साध्या कार्डावर शंभर रुपये खर्चले की मिळणाऱ्या पॉइंटांची किंमत साधारण पाव रुपया ते एक रुपया असते. एक रुपया धरू. दोघांच्या सहलीचं भाडं साठ हजार धरलं, तर ते पॉइंटांतून निघायला साठ लाख रुपयांची खरेदी व्हायला हवी. साठ लाख! शिबिरातल्या बायांच्या घरात महिन्याला वीस-पंचवीस हजारांचा किराणा-वीज-औषधं होतात. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं. त्यातही पेट्रोल, घरभाडं अशा खर्चांवर अनेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा मर्यादा घालतात. पॉइंटाची किंमत ठरवणार बँक, आणि ती कमी करणारही बँकच.

मग ‘फुकट’ जाणारे जातात कसे? नवं कार्ड घेताना मिळणाऱ्या बक्षिसावर, आणि ठरावीक मुदतीत लाख-दोन लाख खर्च केल्यावर मिळणाऱ्या जादा पॉइंटांवर. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच लाख-दोन लाख खर्चायला आहेत, त्यांना. विमानतळाच्या लाउंजमधलं फुकट जेवणही अनेक कार्डांवर मागच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच मिळतं. भाडं पॉइंटांतून निघालं तरी बंदराचं शुल्क, कर, रोजची बक्षिसी, पेय, इंटरनेट हे सगळं बऱ्याचदा वेगळं मोजावं लागतं, आणि परदेशी चलनात खर्च झाला तर बहुतेक कार्डं त्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणखी लावतात. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

आता व्याज. तिन्ही शिबिरांत हा शब्द एकेकदाच आला, तोही ‘वेळेवर भरलं तर व्याज शून्य’ असा. वेळेवर नाही भरलं तर? महिन्याला साधारण साडेतीन टक्के, शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. पन्नास हजार थकले की महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर कर ३१५, एकूण २,०६५ रुपये. त्याच पन्नास हजारांच्या खरेदीवर मिळालेले पॉइंट फार तर पाचशे रुपयांचे. बिलावर ठळक छापलेली ‘किमान रक्कम’ भरत राहिलं की मुद्दल जागचं हलत नाही. गावातला सावकार शेकडा तीन म्हणाला तर आपण मोर्चा काढतो. इथे शेकडा साडेतीनवाल्याचा सत्कार शाल-श्रीफळ देऊन करतो! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. या निकालावर आपल्यापैकी किती संघटनांनी चार ओळी लिहिल्या? देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये दहा कोटींच्या वर गेली. हा आता फक्त साहेबलोकांचा विषय राहिलेला नाही.

पण मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीबद्दल. ‘तुमच्याच घरखर्चातून’ म्हणजे कुणाच्या कष्टातून?

तांदूळ कुठला घ्यायचा, मुलाच्या वह्या कुठे स्वस्त, सासूबाईंची गोळी कधी संपते, हे सगळं डोक्यात ठेवून खरेदी करते बाई. सरकारच्याच वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ होती. २०२४ च्या पाहणीत बायांची २८९ झाली. पुरुषांची? ८८. (पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून हुरळून जायचं, तर पुरुषांनीही नऊ मिनिटं अंग काढून घेतलंय.) या बिनपगारी कामातला खरेदीचा भाग आता कार्डावर नोंदवला जातो आणि त्याचे पॉइंट होतात. ते पॉइंट जातात मुख्य कार्डधारकाच्या खात्यात. बाईच्या हातात असतं ‘ॲड-ऑन’ कार्ड, नाव तिचं आणि खातं नवऱ्याचं. ती कुठे, कधी, कितीला काय घेतलं याचा संदेश त्याच्या मोबाईलवर. पूर्वी डब्यातले पैसे तरी तिचे होते, तांदळात लपवलेले, हिशेबात न येणारे. तो डबाही आता काचेचा झाला.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. लग्नाला अठरा वर्षं झालेली. वेगळं व्हायचं ठरल्यावर तिने स्वतःच्या नावावर शिलाई मशिनसाठी कर्ज मागितलं. बँकेने सांगितलं, तुमच्या नावावर पतीचा इतिहासच नाही. (ही ‘पती’ नव्हे, पत, पण तिथल्या टेबलावर दोन्हींत फारसा फरक नव्हता.) अठरा वर्षांतली शेवटची सहा वर्षं घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू तिने कार्ड पुढे करून आणली होती, पण ॲड-ऑन कार्डाची परतफेड मुख्य धारकाच्या इतिहासात जमा होते. साठलेल्या पॉइंटांवर नवरा मित्राबरोबर जहाजाने फिरून आला होता. पोटगीच्या अर्जात तिने गॅस, शाळेची फी, दवाखाना सगळं लिहिलं. पॉइंट कुठल्या रकान्यात लिहायचे हे तिला ठाऊक नव्हतं आणि आमच्या वकील मैत्रिणीलाही.

उलटंही घडतं. नवऱ्याची पत बुडालेली असते, म्हणून कार्ड बायकोच्या नावावर काढतो, खर्च तो करतो आणि वसुलीवाले हिला फोन करतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलं आहे. न मागता कार्ड पाठवून चालू करणंही बंद आहे. तसं करून बिल आकारलं तर ते रद्द करून दुप्पट रक्कम दंड म्हणून द्यावी लागते. साक्षरता शिबिर म्हणतात तर हे शिकवा ना! तीनपैकी एकाही ठिकाणी यातला शब्द ऐकला नाही.

आणि पॉइंटांचे पैसे येतात कुठून? बँक काही पदरमोड करत नाही. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराच्या रकमेतून साधारण दोन टक्के कापले जातात. आपल्या गटातल्या बाईने प्रदर्शनात हजार रुपयांचा मसाला कार्डावर विकला तर तिच्या हाती येतात साधारण ९८० रुपये. थेट खात्यातून यूपीआयने दिले असते तर २०२० पासून हे शुल्क शून्य आहे. ती बाई नुकसान किती दिवस सोसणार? भाव दहा रुपयांनी वाढवते. तो वाढीव भाव रोख देणाऱ्या मोलकरणीलाही पडतो, जिच्याकडे कार्ड नाही आणि कधी पॉइंट मिळणार नाहीत. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी २०१० साली हा हिशेब मांडला होता. रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी घराच्या खिशातून वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्या घरांकडे जातात आणि कार्डवाल्या प्रत्येक घराला ११३३ डॉलर मिळतात. युरोपीय संघाने २०१५ मध्ये बँकांमधल्या या शुल्काला कायद्याने वेसण घातली, क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के आणि डेबिटला ०.२. आपल्याकडे भाजीवालीने रोखीत भरायचं आणि साहेबांनी डेकवर बसायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण जणू याच्यासाठीच केली असावी.

जहाजावरही तेच. बिछाना कोण घालतं, भांडी कोण घासतं? फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत इथली माणसं; त्यांत गोव्यातले आणि मुंबईतले घरटी कितीतरी. जहाज फिरतं एका समुद्रात आणि झेंडा असतो बहामाचा नाहीतर पनामाचा, म्हणजे कामगार कायदाही तिथला. २००६ चा सागरी कामगार करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यातही दिवसाला चौदा तासांपर्यंत आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम चालतं. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली तेव्हा तिच्यावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी किती? सहा. उरलेले १३२ कामगार, आणि प्रवासी खोल्यांत बंद असताना त्यांच्या दारात जेवण पोचवत फिरणारे तेच.

बाईच्या सोयीचं म्हणाल तर या सहलीचा दर मुळात जोडप्याचा आहे. एका खोलीत दोघं धरून माणशी भाडं सांगतात. एकटी विधवा, परित्यक्ता, अविवाहिता गेली तर तिला दीडपट, कित्येकदा जवळजवळ दुप्पट. जाहिरातीतली बाई कठड्याला एकटी टेकलेली दिसते, भाडं मात्र दोघांचं. सुरक्षेबद्दल सांगायचं तर अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझसाठी वेगळा कायदा केला. खोलीच्या दाराला बाहेरचं दिसणारं भिंग, बलात्काराच्या तपासणीचं साहित्य, गुन्ह्यांची सक्तीची नोंद हे सगळं त्यात घालावं लागलं. त्या नोंदींत सर्वांत मोठा आकडा लैंगिक अत्याचारांचा असतो. रंगीत पुस्तिकेत हे पान नसतं.

काही मैत्रिणी म्हणतील, तू बायांना पतीपासून लांब ठेवतेयस. (पुन्हा तोच शब्द, पण यावेळी अर्थ नीट घ्या.) मुळीच नाही. अमेरिकेत १९७४ चा समान पत-संधी कायदा होईपर्यंत बायकोला कार्ड देताना बँका नवऱ्याची सही मागत. तो हक्क बायांनी भांडून मिळवला. आपल्याकडे १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला बँक उभी राहिली. या बायांनी पत मागितली ती कामासाठी, स्वतःच्या नावावर, व्याजाचा आकडा माहीत करून घेऊन. कुणी त्यांना जहाजाचं चित्र दाखवलं नव्हतं.

ज्या मैत्रिणीला जायचंच आहे तिने जरूर जावं. दोघी-चौघींनी मिळून भिशी लावा, मैत्रिणीबरोबर खोली वाटून घ्या, शाळेच्या सुट्ट्या सोडून तारीख धरा, भाव उतरतात. कार्ड हवं असेल तर मिळकत नसली तरी स्वतःच्या मुदत ठेवीवर स्वतःच्या नावाचं मिळतं; ते घ्या, पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला द्या, पॉइंट मिळाले तर वरकड समजा. आणि डेकवर चहा आणून देणाऱ्या पोराच्या हातात बक्षिसी रोख ठेवा.

आमच्या केंद्राकडे यंदाच्या आठ मार्चसाठी एका बँकेचं पत्र आलं होतं: सभागृहाचं भाडं आमचं, चहा-नाश्ता आमचा, साठ बाया तुमच्या. आम्ही उत्तर पाठवलं. शिबिर जरूर घ्या, तीन अटींवर. एक, फळ्यावर सर्वांत आधी वर्षाचं व्याज टक्क्यांत लिहायचं, पॉइंट त्यानंतर. दोन, ॲड-ऑन कार्ड वापरणाऱ्या बाईच्या नावावर पतीचा इतिहास का होत नाही, याचं उत्तर द्यायला निर्णय घेणारा अधिकारी पाठवायचा. तीन, त्या दिवशी सभागृहात एकही अर्ज भरून घ्यायचा नाही. पत्र पोचल्याची पोच आली, उत्तर नाही. सभागृह आम्हीच घेतलंय, त्या दिवशी मसालावाल्या बाईचा हिशेब फळ्यावर मांडणार आहोत. ज्या गटांकडे अशी पत्रं आली असतील त्यांनी त्यांच्या नकला आमच्याकडे पाठवाव्यात.