दाढेची सूज गळ्यात उतरते तेव्हा

कुंभार पिंपळगावसारख्या गावात दाढ दुखू लागली की आधी घरचे उपाय होतात. लवंग दाढेत धरायची, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या, मेडिकलवरून दोन गोळ्या आणायच्या. ठणका कमी होतो, पण कीड आत तशीच राहते. कधी दाढेची नसच मरते आणि दुखणे एकदम थांबते. घरचे अल्लाहचा शुक्र मानतात. धोका मात्र तेव्हाही आत वाढत असू शकतो.

खालच्या शेवटच्या दाढांची मुळे जिभेखालच्या स्नायूच्याही खाली पोहोचतात. मुळाशी साचलेला संसर्ग तिथून हनुवटीखाली आणि गळ्यात उतरतो. दोन्ही बाजूंना कडक सूज येते, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. पुढे तो छातीतही उतरू शकतो. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या आजाराचे वर्णन केले, म्हणून त्याला 'लुडविग्ज अँजायना' म्हणतात. नाव तसे असले तरी हृदयाशी त्याचा संबंध नाही. अँटिबायोटिक औषधे नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज वेळेवर पोहोचलेले बहुतेक रुग्ण वाचतात.

भगिनींनो, ही लक्षणे ध्यानात ठेवा. दाढदुखीबरोबर ताप, जबड्याखाली सूज आणि तोंड पुरते न उघडणे, एवढे दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज तोंडात घास असल्यासारखा येतो, आडवे पडले की गुदमरते, असे झाले तर एक तासही थांबू नका. मधुमेह असलेल्यांमध्ये संसर्ग फार वेगाने पसरतो. अम्मी-अब्बांना शुगर असेल तर त्यांच्या दाढेकडे अधिक लक्ष द्या.

अशा वेळी १०८ ला फोन करा; ही रुग्णवाहिका मोफत आहे. रुग्णाला झोपवू नका, बसवून न्या. गिळता येत नसेल तर पाणीही पाजू नका. सुजेवर गरम शेक देऊ नका. जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, जिथे पाठवतील तिथे लगेच निघा. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

रुग्णालयात आधी श्वासाची वाट सुरक्षित करतात. कधी त्यासाठी गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागते. मग शिरेतून औषध देतात, चिरा देऊन पू काढतात आणि मूळ कारण असलेल्या दाढेवर इलाज करतात. गळ्याला छेद म्हटले की घरचे घाबरतात. सुनेचा प्रश्न असला तर 'तिचा शोहर कारखान्यावरून येऊ दे, मग सही करू' असेही होते. त्या दोन तासांत श्वास कोंडू शकतो. फोनवर विचारा, पण इलाज अडवू नका.

रमजानमध्ये दाढेचे काम ईदनंतर करू, असे अनेकजण म्हणतात. आजारी माणसाला रोजा सोडून नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे (सूरह अल-बकरा, आयत १८४). ती सवलत घेण्यात गुनाह नाही.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मिस्वाकची आवड लावली आणि आजारावर इलाज करण्यासही सांगितले. दोन्ही शिकवणी एकत्र पाळायच्या आहेत. रोज रात्री झोपण्यापूर्वी दात घासा, गुटखा-तंबाखू घरातून हद्दपार करा, आणि किडलेली दाढ लहान असतानाच दाखवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथली एक फेरी सुजलेला गळा घेऊन रात्री धावण्यापेक्षा कितीतरी सोपी आहे. आज घरातल्या प्रत्येकाला विचारा, कोणाची दाढ दुखून आपोआप थांबली आहे का?