एका रुपयाचा खेळ आणि फुकटाचा खेळ

गेल्या सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गात मूल्यसिद्धान्ताचा पाठ चालू होता. एखाद्या वस्तूची किंमत शून्य झाली तर तिच्या मागणीचे काय होईल, असा पाठ्यपुस्तकातला नेहमीचाच प्रश्न मी विचारला. मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, शून्य किंमत सगळ्यांत महाग पडते." वर्ग हसला, तो स्वतः मात्र हसला नाही. तास संपल्यावर तो भेटला तेव्हा त्या उत्तराचा उलगडा झाला. मोबाईलवरील एका 'फुकट' खेळात त्याने पन्नास-शंभर रुपयांच्या हप्त्यांनी, अवघ्या सहा आठवड्यांत, परीक्षा शुल्कासाठी घरून आलेली रक्कम घालविली होती. त्याचे वडील तालुक्याच्या गावी कारकून आहेत. विशेष असे, की हा जुगार नव्हता. त्यातून एक पैसाही परत मिळण्याची आशा त्याला नव्हती. त्याला हव्या होत्या त्या पडद्यावरील एका सैनिकाच्या बंदुका.

त्याचे बोलणे ऐकताना मला तीस वर्षांपूर्वीचे, आमच्या गावच्या एस. टी. स्थानकासमोरचे व्हिडिओ गेमचे पार्लर आठवले. तेथेही पडद्यावर सैनिकच होते, त्यांच्याही हाती बंदुकाच होत्या आणि आम्हीही घरचेच पैसे घेऊन तेथे जात होतो. मग त्या खेळात आणि या खेळात फरक तो काय? वडीलधाऱ्यांच्या मते काहीच नाही. माझे मत निराळे आहे. तो फरक चित्रात नाही, किमतीच्या रचनेत आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज आजच्या मुलांना आपण काही सांगू शकणार नाही.

ज्या खेळांविषयी मी बोलतो आहे त्यांना 'रन अँड गन' म्हणतात. धावत राहायचे, उड्या मारायच्या आणि समोरून, मागून, वरून येणाऱ्या शत्रूवर गोळ्या झाडीत पुढे जायचे, एवढेच त्यांचे सूत्र. 'कॅपकॉम' या जपानी कंपनीचा 'कमांडो' 1985 साली आला, 'एसएनके'चा 'इकारी वॉरियर्स' 1986 साली. 1987 साली 'कोनामी'ने 'कॉन्ट्रा' बाजारात आणला आणि या प्रकाराला त्याचे सर्वांत प्रसिद्ध नाव मिळाले. 1996 साली 'नाझ्का' या छोट्या संस्थेने 'निओ जिओ' यंत्रासाठी केलेला 'मेटल स्लग' हा कलाकुसरीच्या दृष्टीने या परंपरेचा कळस मानला जातो. आपल्याला पाहताच किंचाळत पळणारे त्यातले शत्रुसैनिक ज्यांनी पाहिले, ते त्यांना विसरलेले नाहीत. आपल्याकडे 'कॉन्ट्रा' बव्हंशी नकली कॅसेटांतून, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या टीव्ही गेमवर पोहोचला. 'मेटल स्लग' मात्र नाण्यावर चालणाऱ्या उभ्या यंत्रांतून आला.

या नाण्याचे अर्थशास्त्र मोठे बोधप्रद आहे. यंत्राच्या मालकापुढे एक पेच असतो. नाण्याची किंमत ठरलेली असते आणि ती सहजासहजी बदलता येत नाही. जपानमध्ये शंभर येनचे एक नाणे हा एका खेळाचा दर कित्येक दशके टिकून राहिला. महागाई वाढत जाते, दर मात्र तोच. अशा वेळी व्यापारी काय करतो? पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांनाच राहतो आणि आतले वजन घटते. खेळाच्या बाबतीत वजन म्हणजे वेळ. खेळ कठीण करा, म्हणजे त्याच नाण्यात गिऱ्हाइकाला कमी वेळ मिळेल. 'कॉन्ट्रा'त एक गोळी लागली की एक प्राण गेला, यामागे रचनाकाराची कठोर वृत्ती होती तसा हा हिशेबही होता. अशा यंत्रांच्या आत काही बारीक खटके असत. खेळ किती अवघड ठेवायचा आणि एका नाण्यात किती प्राण द्यायचे, हे त्यांच्या साहाय्याने मालकाला ठरविता येई. खेळाचा अवघडपणा ही वस्तुतः त्याची किंमतच होती.

परंतु या किमतीचा एक गुण असा, की ती खेळणाऱ्याच्या कौशल्याने कमी होत असे. आमच्या पार्लरमध्ये एका रुपयात माझ्यासारखा नवखा दोन मिनिटांत संपे. म्हणजे मिनिटाला पन्नास पैसे. सायकलच्या दुकानात काम करणारा एक मुलगा त्याच रुपयात चाळीस मिनिटे खेळे. म्हणजे मिनिटाला अडीच पैसे. माझ्यासारख्यांकडून मालकाला तासाला तीस रुपये मिळत, त्याच्याकडून दीड रुपया. मालक त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाही; पण त्याला उठवू शकत नसे, कारण करार पुरा झालेला होता. उलट त्याच्या पाठीमागे आम्ही दहाजण उभे राहून शत्रू कोठून येतो, कोठे थांबावे, कोणते शस्त्र उचलावे, हे शिकत असू. ज्याच्या खिशात सर्वांत कमी पैसे, तोच त्या खोलीतला सर्वांत प्रतिष्ठित माणूस, असे दृश्य आपल्या समाजात फारसे आढळत नाही. श्रीमंताच्या मुलाला तेथे जास्त नाणी टाकता येत. पण त्याच्या नाण्यातून निघणारी गोळी अधिक जोराची नसे.

येथे कोणी म्हणेल, की हे गतकाळाचे गोडवे झाले. तेव्हा दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ते पार्लर काही धर्मशाळा नव्हती. प्राण संपले की पडद्यावर आकडे उलटे मोजले जात आणि ते संपण्यापूर्वी दुसरे नाणे टाकले तर जेथे पडलात तेथूनच पुढे जाता येई. गिऱ्हाइकाची इच्छा सर्वांत प्रबळ आणि विचारशक्ती सर्वांत दुबळी असते, नेमक्या त्याच क्षणी हात पुढे करण्याची ही युक्ती होती. आधी टाकलेले नाणे फुकट जाऊ नये म्हणून माणूस आणखी एक टाकतो. बुडालेल्या खर्चाचा हा मोह अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. आजच्या मोबाईलवरील खेळांचे मूळ त्या उलट्या आकड्यांतच आहे, हे मी मान्य करतो. वडिलांच्या सदऱ्याच्या खिशातून नाणी काढणारी मुले तेव्हाही होती. तथापि त्या मोहाला एक भौतिक मर्यादा होती: नाणे हातात दिसत असे आणि खिसा रिकामा झालेला कळत असे. बोटाच्या एका स्पर्शाने खात्यातून जाणाऱ्या पैशाला ना वजन आहे, ना आवाज.

हे खेळ घरच्या यंत्रांवर आले तेव्हा सौदा अधिकच सरळ झाला. एकदा किंमत द्यावी आणि हवे तितके खेळावे. 'कॉन्ट्रा' हा पाऊण तासाच्या आत संपू शकणारा खेळ. त्याचे मोल टिकले ते अवघडपणामुळेच. या टप्प्यावर एक रोचक गोष्ट घडली. कोनामीतील काझुहिसा हाशिमोतो या तंत्रज्ञाने 1986 साली 'ग्रॅडियस' हा खेळ घरच्या यंत्रासाठी सिद्ध करताना, तपासणी सोपी व्हावी म्हणून बटणांचा एक गुप्त क्रम योजला: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. तोच क्रम 'कॉन्ट्रा'त वापरला की तीन प्राणांऐवजी तीस प्राण मिळत. हाशिमोतो 2020 साली निवर्तले, पण तो क्रम जगभरच्या पिढीला आजही पाठ आहे. आता विचार करा: तीस प्राण ही आजच्या हिशेबाने विकण्याजोगी वस्तू आहे. त्या काळी ती तोंडातोंडी पसरलेल्या ज्ञानाच्या रूपाने सर्वांना मिळाली. एकाने दुसऱ्याला सांगितले म्हणून पहिल्याचे काही उणे झाले नाही.

बाजाराची रचना बदलली की खेळाचा स्वभावही कसा बदलतो, याचा दाखला 1994 सालच्या 'कॉन्ट्रा : हार्ड कोअर' या खेळात मिळतो. त्याच्या जपानी आवृत्तीत नायक तीन घाव सोसू शकतो आणि पुन्हा सुरुवात करण्यावर बंधन नाही. अमेरिकी आवृत्तीत मात्र एका घावात प्राण जातो आणि पुन्हा सुरू करण्याची संधीही मोजकीच मिळते. अमेरिकेत असे खेळ दुकानातून भाड्याने आणण्याची रीत होती, जपानमध्ये तसे भाड्याने देणे मालकाच्या परवानगीवाचून शक्य नव्हते. दोन दिवसांच्या भाड्यात जो खेळ पुरा होतो तो विकत कोण घेणार? फरकामागे हेच कारण असावे, असा तर्क केला जातो आणि तो पटण्याजोगा आहे.

समाजाने मात्र या खेळांकडे पाहिले ते निराळ्याच दृष्टीने. त्यांतील हिंसेवर पुष्कळ चर्चा झाली, आणि तीही निराधार नव्हती. अमेरिकेत इराण-कॉन्ट्रा प्रकरण गाजत असतानाच 'कॉन्ट्रा' प्रसिद्ध झाला होता आणि पार्लरच्या आवृत्तीतील अखेरच्या धुनेचे नाव 'सँडिनिस्टा' असे होते. युरोपात 1990 साली घरच्या यंत्रासाठी तो आला तेव्हा माणसांच्या जागी यंत्रमानव घालून त्याचे 'प्रोबोटेक्टर' असे नामकरण झाले. जर्मनीतील बालसंरक्षणाच्या कडक नियमांचा हा परिणाम. म्हणजे मुलाच्या डोळ्यांपुढे काय येते, हे तपासण्याची व्यवस्था झाली. त्याच्या खिशातून काय जाते आणि कोणत्या रीतीने जाते, हे तपासण्याची निकड फार उशिरा जाणवली.

त्या उशिराची किंमत 'मेटल स्लग'च्याच वंशात पाहावयास मिळते. 2016 साली 'मेटल स्लग अटॅक' नावाचा खेळ मोबाईलसाठी आला. तेच इवलेसे सैनिक, तेच रणगाडे; फक्त खेळ 'फुकट'. नवे सैनिक मिळवावयाचे ते नशिबाच्या सोडतीतून, आणि सोडत हवी तितक्या वेळा काढावयाची तर पैसे मोजून. जानेवारी 2023 मध्ये तो बंद करण्यात आला. ज्यांनी त्यावर पैसे खर्चिले त्यांचे सैन्य एका रात्रीत नाहीसे झाले. 1996 चा मूळ 'मेटल स्लग' मात्र आजही खेळता येतो. पुढे 2024 साली तोच मोबाईलवरील खेळ एकरकमी किंमत देऊन घेण्याच्या रूपात परत आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा दाखविणाऱ्या खेळांवर त्याचा मुख्य रोख आहे, आणि तो योग्यच आहे. पण माझ्या विद्यार्थ्याने काही जिंकण्यासाठी पैसे लावलेच नव्हते. विकत घेतलेल्या बंद पेटीतून बंदूक निघेल की निव्वळ रंगीत टोपी, या अनिश्चिततेने त्याला लुटले. जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने 2012 साली अशा सोडतींच्या एका विशेषतः घातक प्रकाराला बेकायदा ठरविले. बेल्जियमच्या नियामकाने 2018 साली पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले. आपणही किमान तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. प्रत्येक वस्तूची किंमत रत्ने, हिरे, नाणी अशा कल्पित चलनात न सांगता रुपयांत सांगावी. सोडतीत कोणती वस्तू मिळण्याची शक्यता किती, हे विक्रीपूर्वी स्पष्ट लिहावे. आणि अल्पवयीनांना पैशाची सोडत विकूच नये. यांपैकी एकही मागणी खेळाच्या विरुद्ध नाही. किराणा दुकानदाराला वजनकाट्यावर जो नियम आपण लावतो, तोच येथे लावावयाचा आहे.

असे केल्यास हा धंदा बुडेल, ही भीती निराधार आहे. 2017 साली दोन कॅनेडियन भावांनी, घरे गहाण ठेवून, हाताने चितारलेला 'कपहेड' हा 'रन अँड गन' खेळ बाजारात आणला. तो कमालीचा अवघड होता. त्याची किंमत एकदाच आणि उघड होती. 2022 साली आलेल्या त्याच्या पुरवणीचीही तशीच. त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. सरळ सौद्याला गिऱ्हाईक आजही आहे.

शिक्षक आणि पालक या नात्याने आपण मुलांना "किती वेळ खेळतोस?" एवढेच विचारतो. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारून पाहावा: "तू चांगला खेळू लागलास, तर तुझा खर्च कमी होतो की वाढतो?" पार्लरमधल्या त्या सायकलवाल्या मुलापाशी या प्रश्नाचे उत्तर होते. माझ्या विद्यार्थ्याला मी तोच प्रश्न विचारला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, असा हिशेब कधी केलाच नाही." त्याचे परीक्षा शुल्क आम्ही काही सहकाऱ्यांनी मिळून भरले, ते तो हप्त्याने फेडतो आहे. हिशेब करावयास शिकविणे हे तर आमचे कामच होते, आणि ते आम्ही वेळेवर केले नाही, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.