आईची बुडीत मजुरी आणि लेकराची खाट

सरकारी दवाखान्याच्या बालरोग वॉर्डात भरदुपारी जाऊन उभे राहावे. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरे, वर सलाईनच्या बाटल्या, खाटेखाली पिशवी आणि पायथ्याशी अवघडून बसलेली आई. सबंध वॉर्डाला सिस्टर एक, फार तर दोन. ही लेकरे कोणाची? मजुराची, ऊसतोड कामगाराची, झोपडपट्टीतल्या कष्टकऱ्याची. ज्यांच्याजवळ पैसा आहे ते इकडे फिरकत नाहीत.

डॉक्टरांचा राउंड काही मिनिटांचा असतो. उरलेला दिवस आणि सारी रात्र लेकराचा जीव शुश्रूषेवर टिकतो. लहान मुलाचे औषध वजनावर ठरते, म्हणून दाखल करतानाच वजन नीट व्हावे लागते. सलाईनचा हात सुजला काय, श्वास भरभर चालतो काय, छाती आत ओढली जाते काय, लघवी किती वेळा झाली, तळपाय गार पडले काय, हे सतत पाहावे लागते. जुलाब झालेल्या लेकराला ओआरएस चमच्या-चमच्याने पाजावे लागते, घाईने पाजले तर ते ओकून टाकते. कमी वजनाचे बाळ आईच्या उघड्या छातीशी धरले तर त्याला ऊब मिळते. एकटी सिस्टर हे सारे कोणाकोणासाठी करणार? म्हणूनच २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने, नवजात कक्षात आई-वडिलांना शिकवून बाळाच्या शुश्रूषेत सामील करून घ्यावे, अशी मार्गदर्शिका काढली.

कागदावर हे उत्तम आहे. पण खाटेजवळ बसायला कोणत्या आईला परवडते? घरी आणखी दोन लेकरे आहेत, मजुरी बुडते आहे, बाहेरून जेवण विकत घ्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती 'स्वतःच्या जबाबदारीवर' डिस्चार्ज मागते, कागदावर अंगठा उठवते आणि अर्धवट बरे झालेले लेकरू घेऊन गावी जाते. मागे शेरा उरतो, नातेवाईक ऐकत नाहीत! आम्ही विचारतो, हा आईचा हट्ट आहे की तिच्या रिकाम्या हाताची सक्ती?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या चळवळीला नवे नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच सूत्र मांडले होते. बाळंतिणीला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. जे बाळंतपणाला लागू, ते आजारी लेकराच्या खाटेला का लागू नसावे?

आणि सरकारने हे तत्त्व एका जागी मान्य केलेलेच आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बालकासोबत राहणाऱ्या आईला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. मग न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाच्या आईने काय गुन्हा केला? प्रत्येक सरकारी बालरोग वॉर्डात आईला जेवण, झोपायला जागा आणि बुडीत मजुरी मिळालीच पाहिजे.

मात्र एक सावधगिरी हवी. आई ही सिस्टरची बदली नव्हे. आई बसली आहे म्हणून परिचारिकांची पदे रिकामी ठेवण्याचा डाव चालता कामा नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळे गेली. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात दोन दिवसांत ३१ मृत्यू झाले, त्यांत १६ बालके होती. दरवेळी संताप निघतो तो समोर दिसणाऱ्या सिस्टरवर. पदे न भरणारे आणि निधी अडवणारे मात्र नामानिराळे राहतात.

कार्यकर्त्यांनी आता काय करावे? दर १४ एप्रिलला आपण दवाखान्यात फळे वाटतो. जरूर वाटावीत. पण त्याच दिवशी रुग्ण कल्याण समितीला लेखी विचारावे : बालरोग वॉर्डात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? आईला जेवण मिळते काय? किती लेकरे उपचार अर्धवट टाकून गेली, आणि का? उत्तर मिळेपर्यंत दर महिन्याला जावे. केळे दुपारपर्यंत संपते. आईची मजुरी मिळाली तर लेकरू पुरते बरे होऊन घरी जाईल.