करारातील शब्द, जनतेचा पैसा

मेट्रोचे खांब सर्वांना दिसतात. त्यांना आधार देणारा करारनामा मात्र फायलीत बंद असतो. त्या करारनाम्यातील दोन शब्दांचे मोल किती असू शकते, हे दिल्ली विमानतळ मेट्रोच्या खटल्याने देशाला दाखवून दिले. सार्वजनिक वाहतुकीची कामे वेगाने उभी राहत असताना या खटल्याचा धडा विसरणे परवडणारे नाही.

ही मार्गिका चालविण्यासाठी दिल्ली मेट्रो महामंडळाने २००८ साली रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर समूहातील कंपनीशी तीस वर्षांचा करार केला. फेब्रुवारी २०११ मध्ये गाड्या धावू लागल्या. जुलै २०१२ मध्ये उन्नत मार्गाच्या बांधकामातील दोषांमुळे त्या थांबल्या. हे बांधकाम महामंडळाच्या जबाबदारीचे होते. कंपनीने ९० दिवसांची नोटीस दिली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपुष्टात आणला. जानेवारी २०१३ मध्ये मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीने त्याच मार्गावर पुन्हा गाड्या धावल्या. तरीही २०१७ साली लवादाने कंपनीला सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावर व्याज देण्याचा निवाडा दिला.

पुढे निकालांचे पारडे वारंवार फिरले. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निवाडा रद्द केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. अखेर १० एप्रिल २०२४ रोजी, अत्यंत विरळा मान्य होणाऱ्या उपचारात्मक याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी आपलाच आधीचा निर्णय फिरविला. तोवर व्याजासह देणे सुमारे आठ हजार कोटींवर गेले होते. करारात ९० दिवसांत दोष दूर करण्याबरोबरच त्यासाठी ‘प्रभावी पावले’ उचलण्याचाही पर्याय होता. लवादाने त्या शब्दांकडे आणि सुरक्षा प्रमाणपत्राकडे दुर्लक्ष केले, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

महामंडळ केंद्र व दिल्ली सरकारच्या समान मालकीचे आहे. म्हणजे हा पैसा जनतेचाच होता. तो वाचला याचा आनंद आहेच. पण बारा वर्षे वाद चालावा, हे व्यवस्थेला भूषणावह नाही. खासगी गुंतवणूकदारालाही न्यायाची निश्चिती हवी. ती नसेल तर पुढच्या प्रकल्पाला चांगला भागीदार कोठून मिळणार?

जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने मोठ्या सरकारी कंत्राटांत सरसकट लवादाची तरतूद नको, अशी मार्गदर्शक सूचना दिली. पण केवळ लवाद टाळून प्रश्न सुटणार नाही. वाद झाल्यावर नामवंत वकील उभा करण्यापेक्षा वाद उद्भवू नये असा करार लिहिणारा, दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारा विधिज्ञ प्रथमपासून अभियंत्याच्या शेजारी असला पाहिजे. कौटिल्याने अर्थशास्त्रात शासनलेखाच्या गुणांत परिपूर्णता आणि स्पष्टत्व सांगितले आहे. राज्यकारभारात शब्दाची जबाबदारी आपल्या परंपरेने केव्हाच ओळखली होती.

मुंबई, पुणे, नागपूर येथे मेट्रोची कामे सुरू आहेत. भूसंपादनापासून देखभालीपर्यंत त्यांच्या प्रत्येक पावलावर कायद्याचे काम आहे. बुद्धिमान तरुण विधिज्ञांनी या अप्रसिद्ध क्षेत्राकडे वळावे आणि शासनानेही त्यांना योग्य मान व मानधन द्यावे. राष्ट्रउभारणी केवळ सिमेंट-पोलादाने होत नाही; जनतेच्या पैशाचे रक्षण करणारी लेखणीही त्यासाठी तितकीच मजबूत लागते.