मलमाची परीक्षा

धार व देवास ह्या पवारांच्या जुन्या राजधान्यांत हिवाळ्याचे कोरडे वारे सुटले, की टाचा भेगाळतात आणि घरोघरी मलमाच्या डब्या उघडतात. डबीवरील स्तुतीपेक्षा परीक्षा बरी, असे आम्ही म्हणतो. प्रयोगशाळेत एका हाताला मलम लावतात, दुसरा तसाच ठेवतात व त्वचेतून उडून जाणारे पाणी यंत्राने मोजतात; ते जितके कमी, तितके मलम गुणकारी. प्राण्यांवर प्रसाधनांच्या चाचण्या घेण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. येथे माणूसच स्वेच्छेने हात पुढे करतो.

वाचकहो, गुणकारी ते निर्धोक असतेच असे नाही. नवे मलम आठवडाभर कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून पाहावे. खाज वा लाली आल्यास वर्ज्य करावे. मधुमेह्याची टाच भेगाळली, तर मात्र प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावी.